लोभ ७९ टक्के

३ नोव्हेंबर
आजपासून मी, हेमराज, सिहोऱ्याच्या पोहा मिलचा सोशल मीडिया मॅनेजर. कालपर्यंत गेटवर गाड्यांचे नंबर लिहायचो. पद मोठं, म्हणून रोजनिशी शुद्ध मराठीत. गावठी शब्द बंद. घरातही. बायकोने, रत्नमालाने, विचारलं, जेवता काय? मी म्हटलं, होय. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मालक वासुदेवराव म्हणाले, मी बाजारात गिऱ्हाईकाचं तोंड पाहतो, तोच माझा सर्व्हे. जुने लोक! महिनाभरात पेजचा उपयोग दिसला नाही तर परत गेट, असंही म्हणाले. दिसेलच.

५ नोव्हेंबर
पोस्ट टाकली: "आमचे पोहे आवडले का?" दोनशे तीस कमेंट्स! एकही वाचली नाही. कमेंट हौशी लोक वाचतात, प्रोफेशनल माणूस डेटा पाहतो. सगळं पुण्याच्या एका ॲपमध्ये टाकलं. ते मराठी वाचून लोकांच्या मनातलं सांगतं.

६ नोव्हेंबर, सकाळी ७
रिपोर्ट आला. आनंद ४ टक्के. लोभ ७९ टक्के.

७.१०
फोन बंद करून चालू केला. ७९च. लोक आपल्याला लोभी समजतात! चहा गेला नाही.

७ नोव्हेंबर
बाजारात गेलो. दुकानासमोर तीन बायका हसत होत्या. एकीने आमची पाच पाकिटं घेतली. पुरावा गोळा करत असणार. मी पोत्यांमागे लपलो.

८ नोव्हेंबर
रत्नमाला म्हणते, कमेंट उघडून तर पाहा. तिला पीआर कळत नाही. शिवाय हिंमत होत नाही. (हे वाक्य खोडायचं आहे.) नियम असा की संकटात चोवीस तासांत माफी मागावी. ते तर कधीच उलटले! वासुदेवरावांना सांगितलं तर बीपी वाढेल. कोणाचं, ते लिहीत नाही.

दुपारी १२
न विचारता टाकून दिलं: "आमच्याकडून जे झालं त्याबद्दल क्षमस्व. पोह्यांबाबत पुन्हा असं होणार नाही." हलकं वाटलं.

९ नोव्हेंबर
हलकं वाटणं संपलं. जो तो विचारतो, पोह्यात निघालं काय? करडी गावच्या दुकानदार मंदाबाईंनी सगळा माल परत पाठवला. त्यांच्या नातवाने कालच आपले पोहे खाल्ले. फोनवर रडत होत्या. आता मले खरंच भेव वाटून राहिलं. शुद्ध-बिद्ध जाऊ दे चुलीत.

१० नोव्हेंबर
वासुदेवरावांनी बोलावलं. रिपोर्ट दाखवला. त्यांनी माझ्याच फोनवर पोह्यांच्या कमेंटा उघडल्या अन् एकेक मोठ्यानं वाचत गेले. हाव. हाव जी. हाव, गजब. हाव. हाव. सगळी मिल ऐकून राहिली होती.

पुण्याच्या ॲपले हाव म्हणजे लोभ वाटला. मी म्हटलं, आपल्याकडे 'होय'ले हाव म्हणतात, हे त्याले कसं माहीत असन? वासुदेवराव म्हणाले, त्याले नसन, तुले तर होतं ना बे?

मग हळूच विचारलं, उद्यापासून गेटवर बसतोस काय?

मी म्हटलं, हाव.