हो म्हटल्यानंतर

पनवेल

प्रिय हेतल,

तू नोटीस पाठवली असतीस तर मी नियमाप्रमाणे उत्तर देऊन मोकळी झाले असते. तू साधी चिठ्ठी पाठवलीस. 'आभा, काळूरामच्या केसमधलं तुला जे आठवतंय तेवढं लिहून दे.' बस. तीन आठवडे ती टेबलाच्या खणात पडून होती. आज उत्तर लिहायला बसलेच आहे, तर आधी मनातलं ओकून टाकते.

मी तुझ्यावर जळते. लॉ कॉलेजपासून जळते. सनद दोघींनी एकाच वर्षी घेतली, तू हायकोर्टात गेलीस आणि मी इथेच मोफत वकिलांच्या यादीत राहिले. माझी आईसुद्धा फोनवर आधी तुझी चौकशी करते, मग माझ्या गुडघ्याची. तेही मी गिळलं होतं. पण काळूरामची ठकी तुझ्याकडे आली, ते काही गिळवेना. काळूराम माझा अशील. त्याची बायको माझ्यासमोर पदर तोंडात धरून चार शब्द बोलली आणि तुझ्यापाशी म्हणे दोन तास बोलली. तू नक्की तिच्याबरोबर खाली फरशीवर बसली असशील. असलं काही मला कधी सुचत नाही.

रोडपालीच्या रस्त्यावर चाकू दाखवून कोणीतरी एकाचा मोबाइल हिसकावला आणि दोन दिवसांनी पोलिसांनी वीटभट्टीवरून काळूरामला उचललं. त्याच्याकडे काहीच सापडलं नव्हतं, तरी जबरी चोरीच्या गुन्ह्यात पाच महिने आत होता. कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला दोन मिनिटं भेटले. सांगितलं, कबूल कर, आत काढलेले दिवस धरून सुटशील. मला तसं खरंच वाटत होतं. न्यायाधीश साहेबांनी त्याला दोनदा विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो दोन्ही वेळा हो म्हणाला. मग त्यांनी मला विचारलं, याचे परिणाम समजावून सांगितलेत ना? मीही हो म्हणाले. त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी लागली.

त्या शिक्षेविरुद्धचा तुझा हायकोर्टातला अर्ज वाचला. त्यांच्या आदिवासी वाडीत पंच बसले की ज्याच्यावर आळ आहे त्याने आधी हात जोडून हो म्हणायचं, जमलेल्यांचा मान म्हणून. मग सगळे बसतात आणि त्याचं म्हणणं ऐकतात. खरं-खोटं त्यानंतर ठरतं. म्हणून ही कबुली समजून-उमजून दिलेली नाही, ती धरू नये, असं तू लिहिलंयस. इतकी वर्षं मी इथे त्यांच्याच केसेस चालवते आणि मला हे ठाऊक नव्हतं. तुला एका बैठकीत कळलं. पण वाडीच्या रिवाजाला पुरावा कुठून आणणार? तू हरणार असं वाटलं आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

पुरावा माझ्याकडेच आहे, हेतल. शिक्षा झाल्यावर पोलीस त्याला बाहेर नेत होते, तेव्हा तो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "मॅडम, मी हो बोललो. आता माजा कवा आयकनार?" माझी पुढची केस पुकारली होती. मी 'बघू' म्हणाले आणि फाइल उघडली. तुझी चिठ्ठी आली तेव्हा पहिलं हेच आठवलं, आणि हे तुझ्या हाती लागू द्यायचं नाही असं मी ठरवलं. तीन आठवडे तो माणूस माझ्या जळण्यापायी आत बसलाय. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे. त्यात त्याचं ते वाक्य आहे, साहेबांपुढचं माझं खोटं 'हो' आहे. सनदेचं व्हायचं ते होवो, मला वाचवायला त्यातली एकही ओळ गाळू नकोस. तुरुंगात त्याला भेटशील तेव्हा सांग, आता तुझं ऐकणार आहेत. हे मी सांगायला हवं होतं. तेही तूच सांगणार, म्हणून या क्षणीसुद्धा जळतेच आहे.

तुझीच,
आभा