थेंब पांगला की राहिला

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं होतं. पण आईने लावलेली सवय आहे, मोडवत नाही. बाकीच्या पत्रात गोडवा शोधू नकोस. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, "ताई, तुझं आपलं काहीतरीच" म्हणत हसण्यावारी नेतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

काल तुमच्या प्रयोगशाळेतली मुलगी घरी आली होती. तीच, जिला मी निवृत्तीआधी हाताखाली तयार केलं आणि जिला तुम्ही सगळे गोगलगाय म्हणता. गोगलगाय असेल, पण पोटात पाय नाहीत तिच्या. समोर ठेवलेल्या पाण्याला तिने हातही लावला नाही. चौकशी समितीला तू सांगितलंस म्हणे, की तेलाची विहीर वाया गेली ती तिने प्रयोगशाळेतून दिलेल्या मिश्रणाच्या चुकीच्या प्रमाणामुळे. आता तिची नोकरी जाणार, आणि असा ठपका घेऊन या धंद्यात दुसरं कोण तिला दारात उभं करणार? रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मला थांबू दिलं असतं तर मी थेंब टाकून पाहिला असता." त्या क्षणी तू समोर असतास तर, पन्नाशीचा झालास तरी, तुझा कान पिळला असता मी.

चुनखडीच्या खडकात ॲसिड कसं वागतं हे तुला मी पुन्हा शिकवायचं? नुसतं सोडलं तर अधाशासारखं तोंडाशीच खडक खाऊन संपतं, आणि तेल अडकलंय तिथवर पोचतच नाही. म्हणून त्याला डिझेलच्या आवरणात गुंडाळायचं, की ते दमाने, खोलवर वाटा पाडत जातं. ते आवरण धरावं यासाठी डिझेल ढवळत ठेवायचं आणि ॲसिड बारीक धारेने सोडायचं. घाई केली की सगळं उलटं होतं, डिझेल आत आणि ॲसिड बाहेर. आणि टाकीत डोकावलं तर दोन्ही सारखंच, दाट पांढरट. म्हणून तर पंप सुरू करण्याआधी एक थेंब ग्लासभर पाण्यात टाकायची आपली रीत. मोत्यासारखा राहिला तर पुढे जायचं. पांगला तर थांबायचं, मग साहेब कितीही ओरडोत. पण तुमचे साहेब दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होते, तुला त्यांच्यापुढे वाहती विहीर मिरवायची होती. विहिरीवर मिश्रण तपासायला आलेल्या मुलीला तू "ऊन फार आहे, तू जा" म्हणून गाडीत बसवून परत पाठवलंस. कसली रे तुला तिच्या उन्हाची काळजी!

नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होते. तू तर अंगणालाच नोकरीवरून काढायला निघालास.

लहानपणी तुला ताप आला की गोळी द्यायचं काम माझ्याकडे असायचं. वरून साखरेचं कवच, आत कडूजहर औषध. मी बजावायचे, चावू नको, गीळ. तू नेमका चावायचास, मग थुंकायचास, आणि आईकडे धावत जाऊन सांगायचास, "ताईने मला कडू गोळी दिली." आई मला रागवायची, आणि तू तिच्या पदराआडून माझ्याकडे बघत असायचास. मी गप्प बसायचे. धाकटा आहे, आजारी आहे, जाऊ दे. त्या जाऊ देण्याचं फळ काल माझ्यासमोर खुर्चीत मान खाली घालून बसलं होतं.

आता मुद्द्याचं. सोमवारी समितीपुढे त्या मुलीने मला साक्षीला बोलावलंय, आणि मी हो म्हटलंय. तुझी बहीण आहे हे सगळ्यात आधी मीच सांगणार. मग त्या संध्याकाळी विहिरीवरून तू मला फोन केलास, तेव्हा जे खिदळत बोललास ते सांगणार: "ताई, तुझी ती बारीक धार आणि थेंब-बिंब मी आज गुंडाळून ठेवलं. सगळं एकदम ओतलं, आणि बघ, काम फत्ते!" शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे. हे पत्र धमकी नाही. पाठीत वार केला असं उद्या तुला म्हणता येऊ नये, म्हणून आधी कळवते आहे. सोमवारआधी तू स्वतः जाऊन खरं सांगितलंस तर मी मागच्या खुर्चीवर मुकाट बसेन, आणि तिथून तुला जेवायला घरी घेऊन येईन. नाही सांगितलंस, तर मी बोलेन. यावेळी पदराआड लपायला आई नाही. गोळी कडू नव्हती, धाकट्या. तू चावलीस.

कान पिळायचा हक्क अजून न सोडलेली,
तुझीच ताई