नाताळचा अल्बम, आवाज माझाच

३ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. यंदा नाताळचा अल्बम काढायचाच. आठ गाणी. शब्द माझे, चाली माझ्या, आवाज माझा. अकरा वर्षं या चर्चमध्ये आराधना लीडर आहे, दर रविवारची गाणी मीच गाऊन घेतो, आणि नावावर एक अल्बम नाही. आमच्या ड्रमरचा कुत्रासुद्धा यूट्यूबवर आहे.
पहिल्या बाकावरच्या मावशींना सांगितलं. दर रविवारी माझ्या गाण्याला रडतात बिचाऱ्या. म्हणाल्या, गाताना तुझे हात फार छान हलतात. आवाजाबद्दल बोलायला शब्द सुचले नसतील.

६ नोव्हेंबर
पाळकसाहेबांना भेटलो. अल्बम म्हटल्यावर तोंड उतरलं. म्हणाले, सेवा म्हणून कर, नावासाठी नको. मी म्हणालो, नावासाठी नाहीच, कव्हरवर नुसता माझा फोटो. ते बराच वेळ डोळे मिटून बसले. प्रार्थना करत असावेत.

९ नोव्हेंबर
स्टोअररूमचा स्टुडिओ केला. घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना. ही विचारते, झोपायचं कुठे? कलावंताच्या बायकोनं विचारायचा प्रश्न आहे का हा?
पहिला टेक: शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन. दुसरा टेक: वॉशिंग मशीन. या लोकांना अंगावर कपडे तरी किती लागतात!

१२ नोव्हेंबर
मशीन बंद होतं. रेकॉर्डिंग ऐकलं. हा माझा आवाजच नव्हे. माइक भिकार.
रविवारी कानात कसा लागतो! स्टेजवर आमच्या प्रत्येकाच्या कानात इअरपीस असतात. ज्याला जे ऐकायचं ते त्यानं वाढवून घ्यायचं. माझ्या कानात मी, आणि चवीपुरता कीबोर्ड. स्वर्ग.
निष्कर्ष: माझा आवाज खोलीत मावत नाही. अल्बम चर्चमध्ये, लाइव्ह, नाताळच्याच दिवशी. मंडळी माझ्यामागून जीव तोडून गाते, ते आलंच पाहिजे.

१७ नोव्हेंबर, रविवार
मेहुण्याला कल्पना दिली. हिचा धाकटा भाऊ, चर्चचा साउंडवाला. जन्मात एकच काम धड शिकला, वायरी गुंडाळायचं. लाइव्ह म्हटल्यावर घाम फुटला. म्हणे, भाऊजी, स्टुडिओतच करा ना, गाद्या लावल्यात तर. हीसुद्धा त्याच्या बाजूनं. बाजूच्या माइकवर उभी राहून मला साथ देते, तेवढ्यानं स्वतःला गायिका समजते. दोघं एकमेकांकडे बघत होते. जळकं खानदान.

२ डिसेंबर
संकल्प: रोज पहाटे रियाज. गरम पाणी. कुणावर चिडायचं नाही.

३ डिसेंबर
उठायला उशीर झाला. हिनं उठवलं नाही. मुद्दाम.

८ डिसेंबर, रविवार
ट्रायल. आठही गाणी घेतली. मेहुण्यावर काडीचा भरवसा नाही, म्हणून मागच्या बाकावर माझा स्वतःचा रेकॉर्डर ठेवला. काय गायलो आज! कानात नुसता मध. मंडळी उभी, हात वर, मावशींचा रुमाल ओलाचिंब.

९ डिसेंबर
ऐकलं. ड्रम्स आहेत. कीबोर्ड आहे. ही आहे, चांगली खणखणीत. तिच्यामागून अख्खी मंडळी आहे. ड्रमरचा खोकला आहे. मी नाही.
परत ऐकलं. दोन गाण्यांच्या मध्ये मी "मोठ्यानं म्हणा!" म्हणतो, ते स्पष्ट येतं. गाणं सुरू झालं की मी गायब. पुढच्या "मोठ्यानं म्हणा"ला परत हजर.
मेहुणा! कानात मला मी देतो आणि हॉलमध्ये माझा माइक बंद करतो! अस्तनीतला निखारा.

१० डिसेंबर
जाब विचारला. आधी म्हणाला केबल. मग म्हणाला बॅटरी. मग रडकुंडीला येऊन म्हणाला, भाऊजी, पाळकसाहेबांना विचारा. म्हणजे आता देवाच्या माणसावर ढकलणार! हाकलून दिला.
पाळकसाहेबांना विचारायची गरज वाटली नाही.
  जेवताना भाजी अळणी होती, तेवढं हिला सुनावलं.

२४ डिसेंबर
साउंड मीच लावला. माझा माइक सगळ्यांच्या वर, हिचा अर्ध्यावर. मेहुण्याच्या खुर्चीत ड्रमरची बायको. तिला बजावलंय, छप्पर कोसळलं तरी बटणाला हात लावायचा नाही. ही म्हणाली, अजून वेळ आहे, नको करूस. मी म्हणालो, तुझी पोटदुखी कळते मला.

२५ डिसेंबर, नाताळ
लिहवत नाही.
पहिली ओळ वरच्या पट्टीत उचलली. कानात मध. मंडळी उभी होती, तोंडं उघडी होती, पण गात कुणी नव्हतं. दुसऱ्या कडव्याला लोक खाली बसायला लागले. मागे एक बाळ रडलं, मग दुसरं. ड्रमर हात थांबवून बघत राहिला. अकरा वर्षांत त्याच्या कानातही मी कधी नव्हतो, हे त्यानं नंतर हसत हसत सांगितलं. हरामखोर.
तिसऱ्या गाण्यात मी एक इअरपीस काढला. हॉलभर मी एकटाच होतो. ऐकला मी तो आवाज. इअरपीस परत घातला.
दारात मावशींनी हात धरला. घसा कधीपासून बसलाय रे, औषध घेतोस ना? नेहमी किती गोड गातोस!

२६ डिसेंबर
पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, तू गाताना माइक बंद ठेवायला मीच सांगितलं होतं तुझ्या मेहुण्याला, तुझ्या दुसऱ्याच रविवारी. मग मला काढलं का नाही? तर म्हणे, गाणी तू फार चांगली लिहितोस, आणि गाताना इतका आनंदात असतोस की जीभ रेटली नाही.
ढोंगी. सगळे ढोंगी.
घरी हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, मग मी इतकी वर्षं घसा फोडून कशाला गात होते?
भिंतीवरच्या गाद्या काढल्या. खूप रडलो. हिनं बघितलं नाही असं दाखवलं.

१२ जानेवारी, रविवार
अल्बम निघाला. आठ डिसेंबरचं, मागच्या बाकावरचं रेकॉर्डिंग. माझा आवाज नंतर वर चढवता येईल, असं मी सुचवलं. पाळकसाहेब, मेहुणा, ड्रमर, ही, चौघंही एका सुरात नको म्हणाले. कव्हरवर मी, हात वर केलेला. फोटो बरा आलाय.
मावशी म्हणाल्या, घरी लावला, तुझा आवाज ऐकून डोळ्यांचं पाणी थांबेना. ही शेजारीच उभी होती. मी धन्यवाद म्हणालो.
मेहुणा परत खुर्चीत बसलाय. मी त्याच्याशी बोलत नाही. पहिल्या गाण्याआधी दोन्ही इअरपीस घट्ट बसवले आणि त्याला खूण केली, मला अजून थोडा मी दे.
त्यानं दिला.