साध्या पाण्यात लाल कागद

३ फेब्रु., मंगळ. मु. नाते
कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर तेच. सॅम्पल, तपासणी, आकडा भरा, पुढचं सॅम्पल. रसायनशास्त्र आवडतं म्हणून इथे आले, पण ‘असं का?’ विचारलं की सुपरवायझर घड्याळ दाखवतो. बी.एड. केलंय ते काय लोणचं घालायला?

संध्याकाळी कापडे गावच्या शाळेतून फोन. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. मुख्याध्यापक म्हणाले, शुक्रवारी एक पाठ घेऊन दाखवा, मग बघू. काम त्या परत येईपर्यंतच. हो म्हणून बसले.

४, बुध.
बाबांना सांगितलं. “पर्मनंट नोकरी सोडून कोणाच्या रजेवर शाळंत? डोकं ठिकाणावर हाय का गो तुझं?” आई भाकऱ्या थापत राहिली. तेच जास्त टोचतं. बाबांचं खोटंही नाही, म्हणून आणखी चिडचिड.

६, शुक्र.
रजा टाकून कापडे. आठवीचा वर्ग, मु.अ. मागच्या बाकावर. हळदीचे कागद करून नेले होते. अगदी सोपं: साबणाच्या पाण्यात लाल होतात, साध्या पाण्यात पिवळेच राहतात.

आधी परीक्षानळीत साधं पाणी. कागद लाल! दुसरी नळी घेतली, पुन्हा लाल. पळून जावंसं वाटलं, खरंच.

शेवटी मुलांनाच विचारलं, काय झालं असेल? मग सारिका नावाची मुलगी उठली, आता मार बसणार असा चेहरा करून. “बाई, नळ्या आमी काल घासल्या. राखंनं. पाणी कमी व्हतं, म्हणून जास्त धुतल्या नाय.”

नव्या बाई येणार म्हणून, घरची भांडी घासतात तशा! मला हसूच फुटलं. खिचडीच्या चुलीतली राख आणवली, पाण्यात कालवली, कागद बुडवला. लालभडक. मग वर्ग आवरेना. “बाई, ताकात?” “बाई, घामात?” घंटा कोणी ऐकलीच नाही. इतकी खूश मी कित्येक दिवसांत नव्हते.

मु.अ. व्हरांड्यात म्हणाले, “प्रयोग तर फसला, मॅडम. आणि पोरं अशी सुटली तर पोर्शन कधी संपायचा? कळवतो.”

७, शनि.
फोन नाही. सुपरवायझरने बजावलं, सोमवारी पहिली पाळी, आता रजा मिळणार नाही. इकडे राजीनामा दिला आणि तिकडून नकार आला तर? धड ना इथली, धड ना...

८, रवि.
अजून फोन नाही. चिडून कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं.

एक गोष्ट घरी सांगितलेली नाही. शुक्रवारी एस.टी.त चढताना सारिका धावत आली. “बाई, ह्यो कागद उन्हात ठेवला तर काय व्हईल?” मी म्हटलं, “सोमवारी करून बघू.” तोंडातून गेलं. कोणी नेमलेलं नसताना! तिने मान डोलावली आणि निघून गेली. शंकासुद्धा घेतली नाही.

आत्ताच आईने आतून विचारलं, “उद्या डबा कवा करू गो? कंपनीच्या येळेला, का कापड्याच्या गाडीला?”

हिला सोमवारचं कसं कळलं कोण जाणे. म्हटलं, थांब जरा.