यादीत नसलेली बाई

तीर्थरूप आईस, पाया पडतो.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथल्या नगरसेवकाला एका वस्तीच्या जागी टॉवर उठवायचाय. घरांच्या मोजणीला निघालो तेव्हा ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं, "निम्मी घरं रिकामी दाखवा." पण तिथे तुझ्याच वयाच्या एका बाईने पाणी दिलं आणि विचारलं, "माझं नाव लिहिलंस ना, बाबा?" यादीत नाव असेल त्यालाच नवं घर मिळणार होतं. मी सगळ्यांचीच नावं लिहिली.

लगेच माझी बदली कागदपत्रांच्या खोलीत झाली. पायपीट तरी वाचली. काल दुसऱ्याने केलेली नवी यादी माझ्याकडेच ठेवायला आली. तीत ती बाई नव्हती. मग माझ्या यादीची शिक्क्याची नक्कल तिला नेऊन दिली. साहेबांना ते आज कळलं.

दमलोय गं. माझं अंथरूण उन्हात घालून ठेवशील?

तुझाच,
धाकटा