सहा तारांचा साचा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, सात, आठ आणि क्वचित दहा तारांच्या गिटारी हाताने बनवणारा कारागीर, हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. उजवा कान गेला आहे, पण त्याने वाटणीत फरक पडत नाही. कोणाचाही दबाव नाही. मुलगी समोर बसली आहे, पण ती फक्त वाचते आहे.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते पत्नीला. तिच्यामागे मुलीला.

२. "लोकांचं सहा तारांत भागतं, तुमचंच का भागत नाही?" असं लग्नापासून विचारत आलेल्या मेहुण्यांना आठ तारांची एक गिटार. वाजवता येत नसेल तर दिवाणखान्यात टांगावी. दिसत राहील.

३. कारखाना, लाकूड, रंधे, पटाशा निम्मे मुलीला, निम्मे धाकट्या भावाला. कारण सांगणं भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी एका वादकबाईंच्या आठ तारांच्या गिटारीची घोडी, म्हणजे तारा बांधायची लाकडी पट्टी, मैफिलीच्या आदल्या दिवशी उखडली. घोडी सरसाने चिकटवायचं काम भावाचं. मी बाईंसमोर म्हणालो, "याला घाई नडली." त्याने एप्रन खुंटीला अडकवला आणि निघून गेला.

मागाहून मी गिटार उजेडात धरली. पॉलिशवर सरस धरत नाही, म्हणून घोडीखालचं पॉलिश आधी खरवडावं लागतं. ते काम माझं. मी शिकाऊ असतानाच्या सवयीने सहा तारांचा अरुंद साचा ठेवून खरवडलं होतं. रुंद घोडीची दोन्ही टोकं पॉलिशवरच बसली होती. टोकांखालचं ते पॉलिश मी लगेच खरवडून टाकलं, खूण पुसली आणि तोंड शिवून बसलो. धंद्यात नाव त्याचं खराब झालं. चूक माझी होती.

एवढं वाचून मुलगी म्हणाली, "बाबा, काका आहेत, तुम्हीही आहात. मग हे मेल्यावर कशाला?" मी भावाला फोन केला.

४. भाऊ आला. कलम तीन त्याने उभ्यानेच दोनदा वाचलं आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितलं. मृत्युपत्रासाठी बोलावलेल्या वकीलबाईंनी अडवलं. साक्षीही द्यायची आणि हिस्साही घ्यायचा, हे त्यांना चालणार नव्हतं. दोन्हींतलं एक निवडा, म्हणाल्या. तो म्हणाला, "दादा, अर्धा कारखाना घेतला तर लोक म्हणतील, भावाने दया केली. या कागदाखाली माझी सही असू दे." म्हणून त्याचा वाटा त्याच्या सांगण्यावरून मुलीला देतो. कलम तीनची एक प्रत वादकबाईंना पाठवावी, असंही त्याने सांगितलं. प्रत आजच जाईल.

ठिकाण: कारखान्याची पुढची खोली
दिनांक: १८ फेब्रुवारी, दुपार

सही: थोरला भाऊ

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी
साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ. सहीच्या वर त्याच्या अक्षरात: "मजकूर वाचला. बरोबर आहे."