परसातली अंबाडी

३ ऑक्टोबर
नितीनराव कळंबोलीहून येताना सहा रोपं घेऊन आले. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कुणीतरी दिली म्हणे. "आई, अंबाडी आहे. सुधारित जात, लवकर फुलते." परसात भिंतीपाशी स्वतः लावली. मेघाला सातवा, सारखं आंबट खावंसं वाटतं, त्यासाठी आणली असतील. बरं वाटलं. दीड वर्ष माझ्या घरात राहतायत, पण जावयांनी हौसेनं काही केलेलं पहिल्यांदाच बघितलं.

१२ ऑक्टो.
पाणी रोज मीच घालते. नि. कामावरून आले की बूटही न काढता आधी परसात, बायको नंतर.
पानं अंबाडीसारखीच, हाताच्या बोटांसारखी. चाखायला एक तोडलं तर केवढ्यांदा ओरडले, "आई, हात लावू नका, कोवळी आहेत!" कोवळीच तर खातात. पण जावयाशी वाद कोण घालणार.

२५ ऑक्टो.
परसात घाण वास. ओलं पायपुसणं कुजावं आणि त्यावर कुणी लिंबू पिळावं, तसा. शेजारचे बारकूदादा भिंतीवरून, "वैनी, वास कसला येतो तुमच्याकडं? गटार तुंबलाय काय?" शरमेनं मेले. दोन बाटल्या फिनेल ओतलं. काही उपयोग नाही.

२८ ऑक्टो.
फुलोरा आला. अंबाडीचं फूल मला ओळखता येतं, फिकट पिवळं, मधे गडद लाल. माहेरी बांधावर असायची. हे फूलच नव्हे. हिरवे केसाळ गोंडे. बोटाला चिकटलेलं साबणानं निघेना. फोटो काढून मोबाईलवर शोधलं.
गांजा.
तीन आठवडे मी त्याला पाणी घातलं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, व्यसनमुक्तीच्या फेरीत फलक धरून सगळ्यात पुढे मी. शी.

२९ ऑक्टो.
मेघाला विचारलं. कणीक मळत होती, हात थांबले नाहीत. "माहीत होतं मला." वर मलाच, "आई, तुझं सगळं टोकाचं असतं. परदेशात औषध म्हणून देतात. आणि सहाच तर झाडं."
म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी वाकून पाणी घालायचे तेव्हा ही खिडकीतून...
जेवण गेलं नाही.

३० ऑक्टो.
नि.शी बोलले. भात कालवत ऐकून घेतलं. "दोन आठवडे फक्त. मग कापून नेतो. तुम्हाला फार दिवस त्रास नको म्हणून तर लवकरची जात आणली." माझ्यासाठी! म्हटलं, पोलिसांत जाईन. हसले. "जा की. घर कुणाच्या नावावर आहे? पाणी कोण घालत होतं? बारकूदादांनी रोज बघितलंय." आणि त्याच दमात, "आई, दही आहे का?"
मी दही वाढलं. लिहितानाही स्वतःची किळस येते. वाढलं मी.

४ नोव्हें.
रविवारी डोहाळजेवण. सगळी सासरची माणसं येणार. मेघाला काळजी एवढीच, "मागचं दार बंद ठेवू."

६ नोव्हें.
नि. कामावर गेल्यावर उपटली. सहाही, मुळासकट. मेघा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. अडवलं नाही, मदतही नाही. एवढंच म्हणाली, "तो चिडेल गं." पोलीस येतील, बाळाचं काय होईल, यातलं काही नाही. तो चिडेल.
टाकायची कुठे? घंटागाडीत सोय नाही. जाळली तर अख्ख्या विचुंबे गावाला वास. शेवटी खड्डा खणून चुना टाकून पुरली. कंबर गेली. हाताला खोबरेल लावलं, राख लावली, रॉकेल लावलं. तरी रात्री घास तोंडाशी नेला की तोच वास.
नि. परसात जाऊन आले. ओरडतील म्हणून मी तयार. तर, "ठीक आहे. ओवे गावात मित्राकडे जागा आहे, तिथे चाळीस लावतो." टीव्ही लावला.

९ नोव्हें.
डोहाळजेवण झालं. सगळ्यांदेखत नि. माझ्या पाया पडले. विहीणबाई म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही, जावई नाही, मुलगाच मिळाला." मी दात दाखवले.
पाहुणे गेले. ओटीचे नारळ आवरता आवरताच सांगून टाकलं. "नितीनराव, उद्या सकाळी तुम्ही तुमच्या घरी जायचं. मेघा बाळंत होईपर्यंत इथे राहील. आणि पोलिसांना पत्ता मी ओव्याचा देणार आहे. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."
या वेळी हसले नाहीत. मेघाकडे बघितलं. मीही बघितलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने अजून अंगावर. ती आमच्यापैकी कुणाकडेच बघेना.

१० नोव्हें., सकाळी ६
सवयीनं चहा तिघांचा टाकला.
त्यांच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज. मोठी बॅग खाली काढली असावी. मेघाच भरतेय, बांगड्या वाजतायत. कुणाचे कपडे भरतेय, एकट्या नितीनरावांचे की स्वतःचेही, ते इथून दिसत नाही. चहा गाळून तिन्ही कप भरून ठेवते.